सलाईनची जागा बदलताना

प्रश्न : आईच्या हाताला सलाईनची जागा लाल होऊन दुखतेय. सिस्टर दुसरीकडे लावू म्हणतात. आहे तीच चालणार नाही का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : नाही, शीर सुजलीय. आधी सलाईन बंद करून कॅन्युला (शिरेत बसवलेली बारीक नळी) काढतात आणि कोरडा गॉज २-३ मिनिटं दाबून धरतात, चोळत नाहीत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जास्त वेळ. नळीचं टोक शाबूत आहे ना, हे बघायलाच हवं. नवी जागा शक्यतो दुसऱ्या हातावर. त्याच हातावर लावायची वेळ आली तर जुन्या जागेच्या वर, म्हणजे खांद्याच्या बाजूला. खाली लावली तर औषध पुन्हा त्याच दुखऱ्या शिरेतून जातं. सांधा टाळावा. नव्या जागी क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक ३० सेकंद घासून पूर्ण वाळू द्यायचं. घाईत नेमकं हेच राहतं! दोनदा शीर हुकली तर दुसऱ्या अनुभवी सिस्टरना बोलवावं.