संच दुप्पट केला की वाण सुधारतो का?

तुमचा प्रश्न असा: खपली गव्हात २८ गुणसूत्रं, साध्या गव्हात ४२, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीत ५६. गुणसूत्रांचे संच वाढल्यानं जात पुढे जात असेल, तर सांगलीच्या हळदीवर कोल्चिसिन (पेशीतली गुणसूत्रं दुप्पट करणारं रसायन) लावून तेच का करत नाहीत?

आधी एक गैरसमज काढू. अख्खा संच दुप्पट होणं सुरुवातीला बहुतेक वेळा नडतंच. पेशी मोठ्या होतात, वाढ मंदावते, परागकण नीट तयार होत नाहीत. त्यात दोनाचे चार संच झालेलं एकटं झाड दोन संचांच्या साध्या झाडांच्या ताटव्यात उगवलं, तर त्याच्यावर पडणारा पराग शेजाऱ्यांचाच असतो. त्यातून तीन संचांची, जवळजवळ वांझ संतती निघते आणि वंश तिथंच खुंटतो. म्हणून स्वपरागीभवन करणाऱ्या, बहुवर्षायू किंवा कांड्या-कंदांवर वाढणाऱ्या वनस्पतींतच अशी झाडं जास्त टिकतात. ऊस आठवा.

मग फायदा कुठं? गव्हात तो स्वच्छ दिसतो. १४ गुणसूत्रांच्या दोन वेगळ्या रानगवतांचा संकर झाला तर संकरात ७ इकडची, ७ तिकडची. पराग आणि बीजांड बनताना गुणसूत्रं जोडीनं येऊन अर्धी होतात (अर्धसूत्री विभाजन), त्यात त्यांना जोडीदार मिळत नाही, दाणा भरत नाही. संच दुप्पट झाला की प्रत्येकाला स्वतःची जोडी मिळते. झाड सुपीक होतं आणि संकराचा जोम पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. लाखो वर्षांपूर्वी रानात हे घडलं, आणि त्या रानगव्हातून माणसानं खपली घडवली. पुढे सुमारे ९–१० हजार वर्षांपूर्वी, कॅस्पियन समुद्राच्या परिसरात, शेतातल्या २८वाल्या गव्हाचा एजिलॉप्स टॉशी या गवताशी संकर झाला: १४ आणि ७ मिळून २१, दुप्पट होऊन ४२. या तिसऱ्या संचासोबत कणकेला ताण देणारी ग्लूटेनची जनुकं आली. खपलीची कणीक तेवढी ताणली जात नाही, त्याचं एक मोठं कारण हेच. खपलीचं टरफल घट्ट असतं त्याचा मात्र संचाच्या संख्येशी संबंध नाही. बन्सी गहूसुद्धा २८चाच, पण मळणीत मोकळा होतो. शिवाय गव्हाच्या ५बी गुणसूत्रावर पीएच१ नावाचा भाग आहे, जो एका संचाच्या गुणसूत्राला दुसऱ्या संचातल्या भावंडाशी जोडी जमवू देत नाही. तो काढला की जोड्या चुकतात आणि दाणे कमी धरतात. म्हणजे नुसतं दुप्पट होऊन भागत नाही, ही शिस्तही लागते.

लांब पल्ल्याचा फायदा वेगळा. प्रत्येक जनुकाची जादा प्रत मिळते. एक जुनं काम सांभाळते, दुसरीला बदलायला मोकळीक मिळते. १९७० मध्ये जनुकशास्त्रज्ञ सुसुमु ओहनो यांनी हा विचार जोरकसपणे मांडला. पण बहुतेक जादा प्रती गळूनच जातात. यीस्टच्या पूर्वजाचा संच सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी दुप्पट झाला आणि आज त्यातल्या जवळपास १० टक्के जनुकांच्याच जोड्या उरल्या आहेत. तासगावच्या द्राक्षाची गुणसूत्रं ३८, वागणूक साध्या दुहेरी संचाची. पण २००७ मध्ये द्राक्षाचा जीनोम (सगळा जनुकीय मजकूर) वाचल्यावर त्यात फार जुन्या तिहेरीकरणाच्या खुणा सापडल्या. शेततळ्यात तर हे शेजारी-शेजारी पोहतं: रोहू माशाची गुणसूत्रं ५०, सायप्रिनस (कॉमन कार्प) माशाची त्याच्या दुप्पट, १००.

मोठ्या संकटांशी संच दुप्पट होण्याचं नातं आहे का? पुरावे त्या बाजूनं झुकतात. वनस्पतींतली बरीच दुप्पटीकरणं डायनोसॉर संपले त्या, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या काळाच्या आसपास दाटलेली दिसतात. थंडीचा ताण बसला की गुणसूत्रं अर्धी न झालेले परागकण जास्त तयार होतात, हेही माहीत आहे. पण ताणामुळे दुप्पट संचांची झाडं जास्त निपजली, की निपजली ती जास्त तगली, हे वेगळं काढणं सोपं नाही. माझ्या मते दोन्ही.

आता हळद. तिची गुणसूत्रं ६३, म्हणजे २१चे तीन संच. विषम संख्येमुळे बी जवळजवळ धरत नाही, म्हणून जेठा गड्डा नाहीतर बगल गड्डा लावायचा. कंदाच्या डोळ्यावर कोल्चिसिन लावलं तर काहीच पेशी दुप्पट होतात. त्या सावकाश वाढतात, शेजारच्या साध्या पेशी पुढे निघतात आणि कोंब मिश्र होतो. त्यातून शुद्ध रोप वेगळं काढायला बऱ्याच फेऱ्या लागतात, आणि निघालेलं रोप जास्त उतारा देईलच असं नाही.

दुप्पट करून खरा पैसा मिळतो तो बिनबियांच्या कलिंगडात. बीजदलं उघडताच वाढीच्या शेंड्यावर ०.१ ते ०.२ टक्के कोल्चिसिनचा थेंब सकाळ-संध्याकाळ, साधारण तीन दिवस. २२ची ४४ झाली का, ते पानाच्या खालच्या सालीवरून कळतं: सूक्ष्मदर्शकाखाली पर्णरंध्राच्या पेशी मोठ्या आणि त्यातली हरितलवकं (हिरवे कण) ठळकपणे जास्त. पण पर्णरंध्रं फक्त सालीचा थर दाखवतात, म्हणून पुढच्या पिढीत पुन्हा तपासायचं. मग ४४वाली मादी आणि २२वाला नर. उलट केलं तर बी पोकळ निघतं. या संकरातून निघणाऱ्या ३३वाल्या, म्हणजे तीन संचांच्या बियांचं कवच जाड असतं, उगवणीला ३०° सेल्सिअसच्या आसपास ऊब लागते आणि माती जास्त ओली झाली की बी कुजतं. फळ धरायला शेजारी साध्या कलिंगडाच्या ओळी हव्यातच, कारण ३३वाल्याचा पराग निकामी. कोल्चिसिन मात्र जहाल विष आहे, पेशीविभाजनच थांबवतं. हातमोजे-चष्म्याशिवाय, प्रयोगशाळेबाहेर त्याला हात लावू नका.