मुलांच्या व्हिडिओवर टीका झाली तर

आपल्या मुलांचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकत असाल आणि पहिल्यांदा टीका आली, तर लगेच उत्तर लिहू नका. आधी ती कशावर आहे ते बघा. कार सीटचा छातीवरचा क्लिप काखेच्या पातळीखाली आहे, बाळाला जाड जॅकेटवरूनच पट्टे बांधलेत, अशी सुरक्षेची चूक कुणी दाखवली, तर भाषा कितीही बोचरी असो, तो माणूस बरोबर असू शकतो. खातरजमा करा. चूक असेल तर यूट्यूब स्टुडिओच्या एडिटरमधून तेवढा भाग कापा (लिंक आणि व्ह्यूज तसेच राहतात) आणि काय बदललं ते दोन ओळींच्या कमेंटमध्ये लिहून ती पिन करा, म्हणजे सर्वांत वर ठेवा. स्पष्टीकरणाचा वेगळा व्हिडिओ मात्र नको. त्याने वाद वाढतो आणि मूल पुन्हा चर्चेत येतं.

झोप, जेवण, स्क्रीन टाइम यांवरचे सल्ले वाचून सोडून द्या. शिवीगाळ करणाऱ्याला चॅनेलवरून ‘हाइड’ करा; त्याच्या कमेंट इतरांना दिसत नाहीत आणि त्याला कळतही नाही. मुलाचं नाव, शाळा, परिसर हे शब्द कमेंटसाठीच्या ब्लॉक यादीत टाका.

सर्वांत गंभीरपणे घ्यायची टीका मुलाच्या खासगीपणाची. रडणं, आजारपण, अंघोळ, शिक्षा हे चित्रीत करूच नका. कमेंटमध्ये नुसत्या वेळेच्या नोंदी (व्हिडिओतल्या एखाद्या क्षणाकडे नेणारे आकडे, जसं 2:15) दिसल्या, तर तो क्षण उघडून पाहा. तिथे मुलाचं अंग उघडं दिसत असेल तर व्हिडिओ तत्काळ प्रायव्हेट करा. कमाईवर प्रश्न आला, तर चिडण्याआधी मुलाच्या नावे वाटा बाजूला ठेवलाय का ते तपासा. अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये जुलै 2024 पासून तसा कायदाच आहे.