तारा नाही तरी मुक्काम?

प्रश्न: अरबी लोकांचे चंद्राचे २८ मुक्काम (त्याच्या आकाशातल्या वाटेचे तुकडे) म्हणजे आपलीच नक्षत्रं का? अ‍ॅपमध्ये शोधतोय, काही जुळतात, काही अजिबात नाही. 'बलदा' या मुक्कामाचा तारा तर सापडतच नाही!

उत्तर: सापडणार नाहीच, कारण बलदा म्हणजे मुळात धनु राशीतला ताऱ्यांशिवायचा रिकामा तुकडा, त्यामुळे तुमच्या अ‍ॅपची काही चूक नाही (हल्ली शेजारच्या पाय (π) सॅजिटेरी या ताऱ्याला 'अल्बल्दा' म्हणतात, त्याने गोंधळ वाढलाच).

बाकी बरेच सरळ जुळतात. सुरैया म्हणजे आपली कृत्तिका, तिच्या मागून येणारा दबरान म्हणजे रोहिणी, नावाचा अर्थच मागे येणारा. कल्ब म्हणजे विंचवाचं काळीज, आपली ज्येष्ठा. सिमाक म्हणजे चित्रा.

गंमत पुढे आहे. आपण श्रवण नक्षत्रासाठी चंद्राच्या वाटेपासून बरंच वर जाऊन गरुडातला ठळक तारा घेतला, अरबांनी मात्र वाटेजवळच राहून मकर-कुंभातले मंद तारे घेतले आणि त्यांना 'साद' म्हणजे शुभ अशी नावं दिली, म्हणून तिथे यादी लावून बघितली की हमखास घसरते. त्यातला साद अल-धाबिह (धाबिह म्हणजे खाटिक) मकरेतल्या अल्फा आणि बीटा या ताऱ्यांचा, अल्फाला चिकटून एक बारीक तारा दिसतो ना, ती त्याची मेंढी. दुर्बीण घ्याच, अल्फा स्वतःही दोन ताऱ्यांचा निघतो.