'सेन्सॉरशिप'ला 'बंदी' म्हणावं का?

प्रश्न असा आहे: १९८५ साली अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे संगीतकारांनी दिलेल्या साक्षी मराठीत आणताना 'सेन्सॉरशिप'साठी 'बंदी' चालेल, की 'परिनिरीक्षण' हा शासकीय शब्द घ्यावा?

माझ्या मते दोन्ही नकोत. 'सेन्सॉरशिप'च ठेवा.

'परिनिरीक्षण' म्हणजे चहूबाजूंनी तपासणं. आपल्याकडे नाटकाची संहिता प्रयोगाआधी ज्या मंडळाकडे जाते, त्याच्या नावात हा शब्द आहे. सरकारी मंडळ, आधी दाखवायची सक्ती आणि मग परवानगी, हे सगळं त्यात येतं. अमेरिकेत मागणी होती ती रेकॉर्डच्या वेष्टणावर इशारा छापण्याची. ती करणाऱ्या टिपर गोर, सुझन बेकर या राजकारण्यांच्या पत्नी आणि त्यांची पालक-संघटना 'पेरेंट्स म्युझिक रिसोर्स सेंटर' यांचं म्हणणं होतं की ही सेन्सॉरशिप नव्हे, पालकांना माहिती हवी आहे, इतकंच. साक्ष देणारे रॉक संगीतकार फ्रँक झॅपा, डी स्नायडर आणि गायक जॉन डेन्व्हर यांना त्यात सेन्सॉरशिपच दिसत होती. म्हणजे १९ सप्टेंबरच्या त्या सुनावणीत भांडण या शब्दावरच होतं. तिथे तुम्ही 'बंदी' लिहिलंत, तर संगीतकार कुणी न मागितलेल्या गोष्टीवर ओरडत होते असं वाचकाला वाटेल. त्यांच्यावर हा अन्याय होईल.

आपल्याला हे भांडण परकं नाही. आपल्या चित्रपट मंडळाच्या नावातला 'सेन्सॉर' १९८३ मध्ये गेला आणि 'प्रमाणन' आलं. लोकांच्या तोंडी मात्र आजही 'सेन्सॉरनं कापलं' हेच आहे. सरकारनं नाव बदललं, पण कात्री कुणाच्या हातात आहे हे माणसं विसरत नाहीत.

'बंदी' एका ठिकाणी खुशाल वापरा. कोलोरॅडोच्या डोंगरांवरचं आपलं गाणं काही रेडिओ केंद्रांनी अमली पदार्थांचं समजून वाजवणं थांबवलं होतं, हे डेन्व्हरनं समितीला सांगितलं. ती बंदीच. पुढे इशाऱ्याचा शिक्का आला, तेव्हा काही मोठ्या दुकानांनी शिक्क्याचे अल्बम ठेवायलाच नकार दिला. इशारा आणि बंदी यांच्यातलं अंतर किती कमी आहे, ते इथे कळतं.

'गळचेपी' आणि 'मुस्कटदाबी' हे आपले जिवंत शब्द आहेत, पण ते आरोप करतात, व्याख्या करत नाहीत. लेखाच्या मथळ्यात शोभतील, साक्षीत नाही. स्नायडरच्या साक्षीत तर 'गळचेपी' नकोच. ज्या गाण्यात गोरबाईंना लैंगिक हिंसा दिसली, ते आपल्या गिटारवादकाच्या घशाच्या शस्त्रक्रियेवर, त्या भीतीवर आहे, असं तो सांगत होता. तिथे खऱ्या घशाची गोष्ट चाललेली असताना गळ्याचा वाक्प्रचार वाचकाला गोंधळात टाकेल.

झॅपाचं एक वाक्य मराठीत कसं आणावं, हेही विचारलं आहे. या मागण्या म्हणजे कोंडा झाला म्हणून मुंडकं उडवण्यासारखं आहे, अशा अर्थाचं तो बोलला. 'रोगापेक्षा इलाज भयंकर' ही आपली म्हण जवळ आहे म्हणून ती घालू नका. कायद्यानं कमीत कमी बंधनाचा उपाय आधी पाहावा, असा त्याचा मुद्दा होता. 'कोंडा' आणि 'मुंडकं' हे दोन शब्द शेजारी आले तरच तो मराठीत पोचतो.