मोठ्या आतड्याचा कॅन्सर असताना कोलेस्टेरॉल आपोआप खाली येणं चांगलं लक्षण आहे का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या कॅन्सरचं निदान व्हायच्या आधीच त्यांचं कोलेस्टेरॉल गोळीशिवाय उतरलं होतं, आता केमोत ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) चढलंय आणि घरात स्निग्ध पदार्थ बंद करायचं चाललंय.

चांगलं लक्षण नाही. वजन घटत असताना कोलेस्टेरॉल उतरलं तर अभिनंदन करायचं नसतं, कारण शोधायचं असतं.

आमच्याकडे अभिनंदन झालं होतं. आईचं कोलेस्टेरॉल कायम दोनशेच्या वर. दादाने तिचं खाणं स्वतःच्या हातात घेतलं आणि स्निग्ध म्हणून जे जे असेल ते बंद केलं. पुढचा रिपोर्ट दीडशेच्या आत आला, तो त्याने सगळ्या नातेवाइकांना पाठवला. त्याच कागदावर हिमोग्लोबिन घसरलेलं होतं, ते कुणी वाचलं नाही. आईचे कपडे ढिले झाले होते, जिना चढताना धाप लागत होती. मी म्हटलं, नुसत्या पथ्याने एवढं उतरत नाही. त्यावर मला ऐकवलं गेलं की तुला आईचं चांगलं झालेलं बघवत नाही. कोलोनोस्कोपीत उजव्या बाजूच्या आतड्यात गाठ निघाली.

पेशीचं आवरण बांधायला कोलेस्टेरॉल लागतं. भराभर वाढणाऱ्या गाठीच्या पेशी रक्तातलं एलडीएल, म्हणजे ज्याला 'वाईट' कोलेस्टेरॉल म्हणतात ते, ओढून घेतात, शिवाय खाणं कमी झालेलं असतं. ही गोष्ट नवी नाही. 1974 साली जेफ्री रोझ, अँसेल कीज वगैरे संशोधकांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हेच मांडलं होतं: मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या रुग्णांचं आधीचं कोलेस्टेरॉल जास्त निघेल असं वाटत होतं, निघालं कमी. मग कमी कोलेस्टेरॉलमुळेच कॅन्सर होतो का, यावर बरीच वर्षं वाद चालला. पण निदान जितकं जवळ तितका आकडा खाली, असं दिसत गेलं; म्हणजे बऱ्याच अंशी आजारच त्याला खाली ओढतो.

आता केमो. ऑपरेशननंतर आईला कॅपेसिटाबिन ही केमोची गोळी सुरू झाली, 14 दिवस गोळ्या आणि 7 दिवस सुट्टी. एका तपासणीत सीरम (रक्तातला पाण्यासारखा भाग) दुधासारखं पांढरं आलं आणि एलडीएलची जागा कोरी. दादा म्हणाला, बघा, एलडीएल उरलंच नाही! अहो, बऱ्याच लॅब एलडीएल मोजत नाहीत, फ्रीडवाल्डच्या 1972 च्या सूत्राने काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून आधी एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) वजा, मग ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर गेलं की हे सूत्र चालत नाही, म्हणून जागा कोरी. डॉक्टरांनी सांगितलं, हा या गोळीचा क्वचित दिसणारा दुष्परिणाम. गोळी थांबवली, ट्रायग्लिसराइड उतरवणारं फेनोफायब्रेट दिलं, आकडा उतरल्यावर गोळी पुन्हा सुरू केली. दादाच्या मते मात्र ते मी आईला चोरून खाऊ घातल्यामुळे झालं होतं.

केमो नसतानाही ट्रायग्लिसराइड वाढू शकतं. आजारातल्या दाहामुळे टीएनएफसारखी दाह वाढवणारी द्रव्यं सुटतात, रक्तातली चरबी उचलणारं लायपोप्रोटीन लायपेज हे विकर (एन्झाइम) मंदावतं, अंगावरची चरबी वितळत राहते आणि एचडीएल घसरतं. माणूस वाळतोय आणि रक्तात चरबी वाढतेय, हे म्हणूनच एकत्र दिसतं. अशा माणसाच्या ताटातून स्वतःच्या मनाने स्निग्ध पदार्थ काढणं हा मला शुद्ध अडाणीपणा वाटतो.

हो, ट्रायग्लिसराइड 500 च्या पुढे गेलं तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, तेव्हा स्निग्ध खरंच कमी करावं लागतं. पण किती, ते डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ ठरवतील. वरच्या पोटात जोराची, पाठीत जाणारी कळ आली तर थांबू नका, तातडीने दवाखान्यात न्या. स्टॅटिनने (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्यांनी) हा कॅन्सर टळतो असं 2005 च्या एका इस्रायली अभ्यासात दिसलं होतं, चाचण्यांमध्ये ते टिकलं नाही. चालू असेल तर स्वतःहून बंद करू नका, नसेल तर कॅन्सरसाठी सुरू करू नका.

आणि वडिलांचं ऑपरेशन उजव्या बाजूचं असेल, तर लहान आतड्याचं शेवटचं टोकही काढलेलं असतं. तिथे पित्ताम्लं (पित्तातली चरबी पचवणारी द्रव्यं) परत शोषली जातात; ती वाया गेली की यकृत कोलेस्टेरॉल वापरून नवी बनवतं. त्यामुळेही आकडा खाली राहतो, तो पाहून आजार परत आला असं समजू नका. ते तपासायला सीईए ही रक्ततपासणी आणि सीटी स्कॅन आहेत.

मी डॉक्टर नाही. आजारापूर्वीचे लिपिडचे रिपोर्ट आणि वजनाच्या नोंदी घेऊन ऑन्कोलॉजिस्टकडे जा, आणि तुमच्या घरात पथ्यं ठरवणारं जे कुणी असेल त्यांनाही सोबत न्या. दादा एकदाही आला नव्हता.