साथीच्या काळात मुलांच्या टिक्स वाढल्या तर घरात काय करायचं?

२०२०च्या टाळेबंदीत तुमच्या नऊ वर्षांच्या मुलाचं डोळे मिचकावणं आणि खाकरणं अचानक वाढलं. ते मोबाइलमुळे का, आणि पुन्हा साथ आली तर काय करायचं, हा तुमचा प्रश्न.

इच्छा नसताना पुन्हा पुन्हा होणाऱ्या अशा हालचाली किंवा आवाज म्हणजे टिक्स. सगळा दोष मोबाइलवर ढकलू नका. टिक्स बहुधा पाच ते सात वर्षांच्या वयात सुरू होतात आणि दहा-बाराच्या सुमारास सर्वांत जोरात असतात. तुमच्या मुलाचं हे चढतीचं वय नेमकं टाळेबंदीत आलं. शिवाय पोरं शाळेत टिक्स दाबून ठेवतात आणि घरी आल्यावर मोकळ्या सोडतात. शाळा बंद, म्हणजे दिवसभराचं सगळं तुमच्याच डोळ्यांसमोर. खरी भर पडली ती काळजीची, जागरणाची आणि बंद झालेल्या खेळाची. चिडवणारे समोर नव्हते म्हणून काही मुलांच्या टिक्स त्या काळात कमीही झाल्या.

घरात सगळे चोवीस तास एकत्र असले की आजोबांपासून धाकट्या भावापर्यंत जो तो टोकतो, "खाकरू नको रे." इथेच बिघडतं. टोकलं की ताण वाढतो, लक्ष टिककडेच जातं आणि टिक वाढते. न टोकणं हा नियम घरातल्या प्रत्येकाला लागू करा. पण टिक आली म्हणून गृहपाठातून सूटही देऊ नका.

टिक येण्याआधी बऱ्याच मुलांना तिथे खाज किंवा ताण आल्यासारखं वाटतं. ते जाणवताच टिकला अडवणारी दुसरी हालचाल करायची. खाकरण्यासाठी तोंड मिटून नाकाने संथ श्वास, मान झटकण्यासाठी हनुवटी किंचित खाली घेऊन मान हलकी ताठ. एक मिनिट, किंवा ती जाणीव ओसरेपर्यंत. एका वेळी एकच टिक घ्या, सर्वांत त्रासाची. हे आधी प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाकडून शिकून घ्यावं. व्हिडिओ कॉलवरही शिकता येतं.

औषध चालू असेल तर साथीची चाहूल लागताच डॉक्टरांना विचारून महिनाभराचा साठा ठेवा. क्लोनिडीन हे टिक्सवरचं औषध अचानक बंद पडलं तर रक्तदाब उसळतो, त्यामुळे "दुकान उघडल्यावर बघू" असं चालत नाही. झोपेची वेळ सांभाळा. व्यायाम मे महिन्यात पहाटेच उरकावा लागेल. नागपूरचं ऊन आठनंतर बाहेर थांबू देत नाही.

खोकल्यासारखी टिक असेल तर बसमध्ये, मेट्रोत लोक दचकतात. डॉक्टरांची चार ओळींची चिठ्ठी मुलाच्या खिशात असू द्या. पण ताप आला किंवा खोकला झोपेतही थांबला नाही, तर टिक समजून बसू नका, तपासणी करा.

एक प्रकार मात्र वेगळा. साथीच्या काळात अनेक देशांत किशोरवयीन मुलींमध्ये काही तासां-दिवसांत हात झटकणं, छाती बडवून घेणं, शिव्या निघणं सुरू झालं. लहानपणी टिक्स नसतानाही. यामागे बहुधा चिंता असते, टिक्सचे व्हिडिओ पाहण्याचाही हातभार लागतो. ही नाटकं नव्हेत, पण टिक्सची औषधं इथे सहसा लागू पडत नाहीत. ते व्हिडिओ बंद करा, मुलीचंही चित्रीकरण करत बसू नका आणि चिंतेवर उपचार घ्या.

दाखवायला नागपुरात मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं किंवा मिहानमधल्या एम्सचा मानसोपचार विभाग आहे. बाहेर पडणं शक्य नसेल तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६; फोन मोफत लागतो.