‘संस्था’ म्हणजे कचेरी की रीत?

ऐरोलीहून एका ताईंनी विचारलं आहे: मुलीच्या अर्थशास्त्राच्या टिपणांत ‘विकसनशील देशांत नवे शोध आणि आर्थिक वाढ या दोन्हींसाठी संस्था निर्णायक ठरतात’ असं वाक्य आहे. संस्था म्हणजे बँका, विद्यापीठं, प्रयोगशाळा असं आम्ही समजत होतो. पण पुढच्याच ओळीत ‘मालमत्तेचा हक्क ही एक संस्था आहे’ असं येतं. हक्काला संस्था कसं म्हणायचं? भाषांतर चुकलंय का?

भाषांतर चुकलेलं नाही. ‘विवाहसंस्था’ हा शब्द आपण सहज वापरतो. तिला अध्यक्ष नाही, नोंदणी क्रमांक नाही, वार्षिक सभा नाही. कुटुंबसंस्था, जातिसंस्था, राज्यसंस्था यांचंही तेच. समाजात मुरलेली आणि माणसांच्या वागण्याला वळण लावणारी रीत, मग ती लिखित असो वा अलिखित, असा तिथला अर्थ आहे. सम् अधिक स्था, म्हणजे नीट स्थिरावणं, ही शब्दाची घडणही त्याच बाजूने बोलते. सात पाकयज्ञसंस्था, सात हविर्यज्ञसंस्था, सात सोमसंस्था अशी जुनी गणना आहे, तिथे संस्था म्हणजे यज्ञाचा ठरून गेलेला प्रकार. कचेरी आणि सभासदांचा तिथे संबंधच नाही.

घोटाळा होतो तो शब्द समासातून सुटून एकटा उभा राहिला की. ‘संस्थेत कामाला आहे’ म्हटलं की आपल्याला फाटक आणि पाटी दिसते. ठाण्यात घराला कोणी संस्था म्हणत नाही, सगळे सोसायटीच म्हणतात. पण फाटकावर ‘सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित’ हीच अक्षरं असतात. पतसंस्था, शिक्षणसंस्था, स्वराज्य संस्था यांनी हा दुसरा अर्थ इतका पक्का केला की पहिला झाकला गेला.

अर्थशास्त्राला मात्र हे दोन अर्थ वेगळे हवे असतात. 1993 चं नोबेल मिळालेले डग्लस नॉर्थ यांनी इन्स्टिट्यूशन म्हणजे खेळाचे नियम आणि ऑर्गनायझेशन म्हणजे खेळणारे, अशी विभागणी केली. कबड्डीत चढाई करणाऱ्याने दम सोडला की तो बाद, ही संस्था. मैदानावरचा संघ ही संघटना. 2024 चं नोबेल डॅरन असेमोग्लू, सायमन जॉन्सन आणि जेम्स रॉबिन्सन यांना मिळालं तेही संस्था कशा घडतात आणि समृद्धीवर त्यांचा काय परिणाम होतो, याच अभ्यासासाठी. तिथला अर्थ पहिला आहे.

ताईंना जवळचं उदाहरण तुर्भ्याच्या बाजारात मिळेल. कांद्याची गाडी लागली की माथाडी कामगारांची, म्हणजे ओझी वाहणाऱ्यांची, टोळी ती खाली करते. तोच माथाडी सकाळी एका व्यापाऱ्याची गोणी उचलतो, थोड्या वेळाने दुसऱ्याची. मग त्याचा मालक कोण? त्याचा भविष्यनिर्वाह निधी कोण भरणार? 1969 च्या माथाडी कायद्याने याला उत्तर दिलं. नोंदित व्यापारी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे ठरावीक टक्क्यांची जादा रक्कम, माथाडी मंडळात भरतो, मंडळ कामगाराला पगार देतं आणि निधी, बोनस वगैरेंची तरतूद करतं. मंडळ ही संघटना झाली. कायम मालक नसलेल्या माणसालाही कामगाराचे हक्क मिळतात, ही मात्र नॉर्थच्या अर्थाने संस्था. मंडळाची इमारत उद्या दुसरीकडे हलवली तरी ही संस्था टिकेल. लेव्ही भरायची रीत मोडली तर इमारत असूनही ती उरणार नाही.

आता नव्या शोधांकडे. आपल्या 1970 च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावरचं पेटंट बंद केलं, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवरचं ठेवलं, तेही थोड्या मुदतीसाठी. पेटंट कचेरी आधीपासून होती. बदलला तो नियम. पण त्यामुळे आपल्या रसायनशास्त्रज्ञांची बुद्धी तेच औषध वेगळ्या, स्वस्त मार्गाने बनवण्याकडे वळली आणि देशी औषध उद्योग उभा राहिला. 1 जानेवारी 2005 पासून पदार्थावरचं पेटंट परत आलं, आणि कंपन्यांना संशोधनाची गणितं पुन्हा मांडावी लागली. प्रयोगशाळा त्याच, माणसंही बरीचशी तीच. ताईंच्या मुलीच्या टिपणातलं वाक्य मला इथे सर्वांत स्पष्ट दिसतं.

यूपीआयचंही तसंच. ते चालवणारी एनपीसीआय, म्हणजे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, ही संघटना. पण कोणत्याही बँकेच्या खात्यातून कोणत्याही बँकेच्या खात्यात, कुठल्याही ॲपवरून पैसे गेलेच पाहिजेत, हा 2016 पासूनचा दंडक म्हणजे संस्था. तो नसता तर स्टेशनबाहेरच्या वडापाववाल्याला प्रत्येक बँकेसाठी वेगळा कोड टांगावा लागला असता.

हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. ‘गरीब देशांनी संस्था बळकट कराव्यात’ हे वाक्य दुसऱ्या अर्थाने वाचलं की नवं मंडळ, नवं महामंडळ, नवी इमारत एवढंच सुचतं. निविदा उघडपणे निघतात का, करार मोडला तर दाद वेळेत मिळते का, कर्ज ओळखीवर मिळतं की प्रकल्प पाहून, हे प्रश्न बाजूला राहतात.

मग लिहायचं काय? मी स्वतः कचेरी आणि सभासद असतील तिथे ‘संघटना’ किंवा त्या-त्या ठिकाणचं नाव वापरतो. नियम आणि रिवाज म्हणायचं असेल तर पहिल्या उल्लेखाला ‘संस्था, म्हणजे रुजलेले नियम आणि रीती’ असा खुलासा जोडतो, पुढे नुसतं संस्था. ‘व्यवस्था’ हा पर्याय काही जण सुचवतात, पण तो सिस्टिमसाठी आधीच राबतो आहे. ‘संस्थान’ तर नकोच. मराठीत ते सांगली-जमखंडीचं किंवा देवस्थानाचं. त्याच कारणाने ‘संस्थानिक सुधारणा’ असं लिहू नये, तिथे राजेसाहेब येऊन बसतात. ‘संस्थात्मक सुधारणा’ लिहावं. ‘संस्थागत’ हा शब्द शेअर बाजाराच्या बातम्यांत गुंतवणूकदारांसाठी रूढ आहे आणि तिथे तो बरोबर आहे, कारण तिथे खरोखरच निधी, विमा कंपन्या आणि बँका अभिप्रेत असतात.